अद्भुताचे वतन

एखाद्या भाषेचा जीवनकाळ तिच्या महाकवींवरून मोजण्याची आपल्याकडे रूढी आहे. परंतु महाकवी हे बहुधा भाषेच्या भूतकाळाचे साक्षीदार असतात, आणि तिच्या भविष्याविषयी जबानी घ्यावयाची झाल्यास ती आठ ते चौदा वर्षांच्या मुलांकडूनच घ्यावी लागते. परीक्षेच्या धाकाने वा वडीलधाऱ्यांच्या आज्ञेवरून मूल जे वाचते त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पुढे काय झाले हे कळल्यावाचून चैन पडत नाही म्हणून हाका मारल्या तरी जे पुस्तक ते खाली ठेवीत नाही, त्या पुस्तकाची भाषा त्या घरात आणखी एक पिढी नांदणार, असे निर्धास्तपणे म्हणावे. हा निकष मराठीस जितका लागू आहे तितकाच उर्दूसही आहे, आणि उर्दूला तो लावून पाहिला म्हणजे मुलांसाठी लिहिलेल्या लोकप्रिय अद्भुत कादंबऱ्यांची उर्दू भाषांतरे शोधून जमविण्याचा जो छंद काही थोड्या माणसांना जडलेला आहे, तो वरकरणी दिसतो तितका क्षुल्लक राहत नाही. माझे प्रतिपादन असे की, ही भाषांतरे म्हणजे उर्दूने स्वतः गमावलेल्या एका वतनावर पुन्हा हक्क सांगणारे दस्तऐवज आहेत. आणि ते सांभाळणाऱ्याचे कर्तव्य वाचणाऱ्या मुलाच्या हाती ते पोहोचेपर्यंत पुरे झाले असे मानता येत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. 1997 साली इंग्लंडात जे. के. रोलिंग यांची हॅरी पॉटर या जादूगार मुलाविषयीची पहिली कादंबरी निघाली, दहा वर्षांत सात भागांनी ही कथा पूर्ण झाली, आणि आजवर ती 80 हून अधिक भाषांत गेली आहे. हिंदी व मराठी भाषांतरे भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढली. उर्दू भाषांतर मात्र सीमेपलीकडे झाले. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या पाकिस्तानी शाखेने मालिकेचे आरंभीचे भाग दरख्शंदा असगर खोखर यांच्या भाषांतरात प्रसिद्ध केले. जगभर या कादंबऱ्यांच्या सर्व भाषांतील आवृत्त्या जमविणारे जे संग्राहक आहेत, त्यांच्या फेरिस्तीत ही उजवीकडून उघडणारी पुस्तके विशेष दुर्मिळ म्हणून दाखल झालेली आहेत, आणि त्यांतील कित्येकांस त्या लिपीचे एक अक्षरही वाचता येत नाही. दुसरा वर्ग खुद्द उर्दू वाचकांचा. बालपणी भाड्याच्या वाचनालयातून आणलेली, मुखपृष्ठ फाटलेली, कधी मूळ लेखकाचे नावही न छापलेली अशी अद्भुतकथांची पुस्तके प्रौढपणी जुन्या बाजारात शोधीत फिरणारी ही माणसे आहेत. पहिला संग्राहक पुस्तकाच्या दुर्मिळतेवर प्रेम करतो आणि दुसरा त्यातील कथेवर. परंतु कोणतेही सार्वजनिक ग्रंथालय ज्यांची नोंद ठेवण्याची तसदी घेत नाही, अशी पुस्तके आज या दोघांच्याच कपाटांत सुरक्षित आहेत, हे दोघांच्याही पक्षी मान्य केले पाहिजे.

आता ज्या भाषेत ही भाषांतरे उतरली तिचा अद्भुताशी संबंध काय होता, हे पाहावे. उर्दू साहित्याचा आरंभच मुळी दख्खनेत अद्भुताच्या सोबतीने झाला. गोवळकोंड्याच्या मुल्ला वजहीने 1609 मध्ये 'कुतुब मुश्तरी' हे प्रेमाख्यान रचले आणि 1635 मध्ये 'सबरस' हे रूपकात्मक गद्य लिहिले. विजापूरच्या नुसरतीने 1657 मध्ये 'गुलशन-ए-इश्क' या काव्यात मनोहर आणि मधुमालती यांची पऱ्यांनी घडविलेली भेट वर्णिली. पुढे 1800 साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन झाले, आणि कंपनी सरकारच्या गोऱ्या अंमलदारांस देशी भाषा शिकविण्याच्या निव्वळ कारभारी हेतूने तेथील मुन्शींकडून जे गद्य लिहवून घेण्यात आले, तेही बव्हंशी अद्भुतरम्यच निघाले. मीर अम्मनची 'बाग-ओ-बहार', हैदरबख्श हैदरीची हातिमताईची कथा, निहालचंद लाहोरीची गुलबकावलीची कथा आणि खलील अली खान अश्क याने 1801 मध्ये सिद्ध केलेली अमीर हमजाची दास्तान, ही सारी त्याच दप्तरातून बाहेर पडली. हातिमताई आणि गुलबकावली ही नावे मराठी आजोबा-आजींच्या तोंडी होती ती याच वाटेने आलेली. तेव्हा हा इतिहास आपणांस सर्वस्वी परका आहे असे कोणी समजू नये.

या परंपरेचा परमोत्कर्ष लखनौस झाला. मुन्शी नवलकिशोर यांनी 1858 मध्ये तेथे छापखाना घातला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पिढ्यान्‌पिढ्या मौखिक चालत आलेली अमीर हमजाची दास्तान दास्तानगोंकडून, म्हणजे ती मुखाने सांगणाऱ्या कथेकऱ्यांकडून, लिहवून घेऊन ती छापण्याचे असे काही प्रचंड कार्य आरंभिले की, पुढच्या शतकात ते पुरे झाले तेव्हा तिचे 46 खंड आणि सुमारे 42 हजार पृष्ठे भरली होती. 'तिलिस्म-ए-होशरुबा' हा तिचाच सर्वांत लोकप्रिय भाग. त्याचा पहिला खंड 1883 मध्ये निघाला. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी आणि पुढील अहमद हुसेन कमर यांनी लिहिले. जादूगारांचा सम्राट अफरासियाब, त्याने मायेने उभारलेले अफाट मुलूख म्हणजेच तिलिस्म, असे प्रत्येक तिलिस्म मोडण्याची युक्ती ज्यावर कोरलेली आहे ती पाटी, आणि या साऱ्या ऐश्वर्याला केवळ बुद्धिचातुर्याच्या बळावर आव्हान देणारा अमर हा अय्यार, म्हणजे वेषांतरात निष्णात हेर: हे विश्व इतके सांगोपांग कल्पिलेले आहे की तेथे राज्ये आहेत, कायदे आहेत, फितुरी आहे, प्रेम आहे आणि विनोदही आहे. अमरजवळ एक जंबील म्हणजे झोळी असते, तीत शहरेच्या शहरे मावतात. त्याच्याजवळ एक कांबळे असते, ते पांघरले की तो कोणाच्या दृष्टीस पडत नाही. विलायती शाळेतील जादूगार मुलास वडिलांकडून मिळालेला अदृश्य करणारा झगा ज्या उर्दू वाचकाच्या वाचनात येतो, त्याच्या भाषेने ते वस्त्र त्यापूर्वी निदान शतकभर बाळगलेले होते. देवकीनंदन खत्री यांनी 1888 मध्ये 'चंद्रकांता' लिहून हिंदी वाचकवर्ग घडविला, तो याच तिलिस्माच्या आणि अय्यारीच्या भांडवलावर.

असे असता ही भाषा आपल्या मुलांसाठी अद्भुत बाहेरून आणण्याच्या अवस्थेस का आली? 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातील मुसलमान व हिंदू शिष्टवर्गाने आपल्या पराभवाची कारणे शोधण्यास आरंभ केला, आणि जी अनेक कारणे पुढे आली त्यांत जुन्या काव्यकथांनी आणलेली निष्क्रियता हे एक ठरले. वायव्य प्रांताच्या सरकारने 1868 मध्ये जाहीरनामा काढून देशी भाषांतील उपयुक्त पुस्तकांस बक्षिसे देऊ केली. डेप्युटी नजीर अहमद यांच्या 'मिरात-उल-अरूस' या गृहशिक्षणपर कादंबरीस त्यानुसार एक हजार रुपयांचे पारितोषिक मिळाले. आणि 1874 मध्ये त्यांनी 'तौबत-उन-नसूह' लिहिली, तीत पटकीच्या आजारातून वाचल्यावर धर्मशील बनलेला नसूह आपल्या थोरल्या मुलाच्या खोलीत शिरतो आणि त्याने हौसेने जमविलेल्या कथाकाव्यांच्या पुस्तकांना आग लावतो. उर्दू कादंबरीच्या उगमापाशीच पित्याने पुत्राचा ग्रंथसंग्रह जाळल्याचा प्रसंग असावा, ही गोष्ट मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. त्यानंतर 1893 मध्ये कवी हाली यांनी आपल्या काव्यविषयक विवेचनात वास्तवाची आणि साधेपणाची सनद दिली, आणि शिष्टमान्य शिक्षणातून अद्भुत कायमचे बेदखल झाले.

या सुधारकांस दोषी ठरविण्याचा माझा उद्देश नाही. नजीर अहमद यांचे गद्य आजही टवटवीत आहे, स्त्रीशिक्षणाचा त्यांनी केलेला पुरस्कार त्या काळी धैर्याचा होता, आणि हालींवाचून आधुनिक उर्दू समीक्षेची कल्पनाही करवत नाही. शिवाय त्यांच्या डोळ्यांदेखत नवलकिशोर छापखान्यातून दास्तानीचे खंडावर खंड निघत होते आणि खपतही होते. म्हणजे वाचकाने अद्भुत टाकले नव्हते, ते केवळ शाळेने टाकले होते. परंतु शाळेने टाकलेली वस्तू दोन पिढ्यांत घरातूनही जाते. 1928 मध्ये दिल्लीचे मीर बाकर अली वारले आणि दास्तान मुखाने सांगणाऱ्यांची जुनी परंपरा संपली. महाराष्ट्रातही हा वाद झालाच: कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी हाती घेतलेले अरबी सुरस गोष्टींचे भाषांतर 1861 पासून वाचकांनी डोक्यावर घेतले, 1872 मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी असंभाव्य कथानकांवर टीका केली, आणि 1902 मध्ये राजवाड्यांनी आपल्या 'कादंबरी' या निबंधात अद्भुत आणि वास्तव यांच्या नात्याचा पुन्हा विचार केला. आपल्याकडे अद्भुत निदान मुलांच्या कपाटात तरी टिकून राहिले. उर्दूत मुलाच्या वाट्याला प्रथम नीतिपाठ आला, मग पाठ्यपुस्तक आले, आणि कथा सर्वांत शेवटी आली.

ती आली मात्र मोठ्या प्रतिभावंतांच्या हातून. लाहोरहून 1909 मध्ये सय्यद मुमताज अली यांनी 'फूल' हे मुलांचे नियतकालिक काढले. जामिया मिल्लियाने 1926 पासून 'पयाम-ए-तालीम' चालविले. स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या 'खिलौना'ने आणि 1953 पासून कराचीच्या 'हमदर्द नौनिहाल'ने लक्षावधी मुलांस वाचनाची गोडी लावली. कृश्न चंदर यांनी 1954 मध्ये 'उल्टा दरख्त' लिहून, आकाशाकडे न जाता जमिनीच्या पोटात वाढत जाणाऱ्या झाडावरून एका गरीब मुलास अशा लोकी उतरविले की जेथील जादू म्हणजे आपल्याच जगातील लोभाचे आणि जुलमाचे रूप आहे. लाहोरच्या फिरोजसन्सने दास्तान-ए-अमीर हमजाची मुलांसाठी सोपी केलेली पुस्तके काढली. पुढे अमर अय्यारच्या पातळ, स्वस्त पुस्तिकांचा एक सबंध बाजारच पाकिस्तानात उभा राहिला. आणि कुर्रतुलऐन हैदर यांनी, ज्या 'आग का दरिया'सारख्या कादंबरीने उर्दू गद्याच्या शिखरावर पोहोचल्या होत्या त्यांनी, सोव्हिएत लेखक लाजार लागिन याच्या बालकादंबरीचे 'जिन हसन अब्दुर्रहमान' या नावाने भाषांतर केले.

या शेवटच्या उदाहरणापाशी थोडे थांबणे इष्ट आहे. मॉस्कोतील एका शाळकरी मुलास नदीच्या तळाशी एक मातीचे भांडे सापडते आणि त्यातून सहस्रावधी वर्षे कोंडलेला जिन बाहेर येतो, ही 1938 मधील रशियन कादंबरी. तिच्यातील कल्पना मूळची अरबी कथांची. तीवर 1900 साली एफ. ॲन्स्टी याने इंग्रजीत एक विनोदी कादंबरी रचलेली होती, आणि लागिनचा जिन तिच्याशी जवळचे नाते सांगतो. म्हणजे पूर्वेकडील जिन प्रथम लंडनला गेला, तेथून मॉस्कोस पोहोचला, आणि शेवटी उर्दूच्या एका श्रेष्ठ लेखिकेने त्याला पुन्हा आपल्या मुलुखात आणून सोडले. अद्भुताला राष्ट्रीयत्व नसते असे मी म्हणत नाही, कारण प्रत्येक समाज त्याला आपला पोशाख चढवितोच; पण ते सतत येते-जाते, आणि ज्या भाषेची दारे उघडी असतात तिच्याच घरी ते वस्तीस राहते, एवढे यावरून निश्चित दिसते.

तेव्हा स्वतःचे 42 हजार पृष्ठांचे भांडार असता परक्यांच्या कादंबऱ्यांची भाषांतरे कशास हवीत, हा जो पहिला आक्षेप घेतला जातो, त्याचे उत्तर या प्रवासातच आहे. आजच्या दहा वर्षांच्या उर्दू वाचकापुढे होशरुबाचा मूळ खंड ठेवला, तर फारसी समासांनी गच्च भरलेल्या, अनुप्रासयुक्त आणि श्वास न घेता चालणाऱ्या त्या गद्याच्या उंबऱ्यावरूनच तो परत फिरेल. तीनशे पानांची आधुनिक, वेगवान, समवयस्क नायकाची कादंबरी ज्याने आपल्या लिपीत एकदा सलग वाचली, त्याच्या अंगी दीर्घ वाचनाचे बळ येते; आणि ते बळ आल्यावर पाच-सात वर्षांनी तो आपल्याच पूर्वजांच्या तिलिस्माचे दार ठोठावण्याचा संभव असतो. भाषांतरावाचून वाढलेला मुलगा दास्तानीकडे वळेल ही आशा व्यर्थ आहे. तो कोणत्याच पुस्तकाकडे वळणार नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांची मुले या कादंबऱ्या इंग्रजीतच वाचतात, आणि ज्यांची मुले उर्दू शाळेत जातात त्यांना जाड पुस्तक विकत घेणे परवडत नाही; मग प्रकाशकाने भाषांतर काढावे तरी कोणासाठी? हा आक्षेप खरा आहे, आणि उर्दू बालवाङ्मयाची छपाई महाग व वितरण दुबळे असण्यास दीर्घ इतिहास आहे. उर्दूच्या नस्तालीक लिपीत अक्षर शेजारच्या अक्षराप्रमाणे आकार आणि उंची बदलते. त्यामुळे खिळे जुळविण्याच्या छपाईला ती कधीच वश झाली नाही आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उर्दूचे बहुतेक पुस्तक कातिबाने, म्हणजे सुलेखनकाराने, स्वहस्ते लिहावे आणि शिळाछापावर वा पुढे ऑफसेटवर छापावे, हीच वहिवाट राहिली. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे 20 हजार जोडाक्षरसमूह लिहून 'नूरी नस्तालीक' सिद्ध केले, तेव्हा कोठे यंत्राला ही लिपी लिहिता येऊ लागली. मुलांच्या पुस्तकांना या साऱ्या व्यवस्थेत नेहमी सर्वांत हलका कागद आणि सर्वांत घाईचा कातिब मिळाला. म्हणून ती आज इतकी थोडी उरली आहेत. परंतु मुलांच्या पुस्तकाचा खरा ग्राहक वाचनालय हाच असतो, हे जगातील प्रत्येक भाषेचे सत्य आहे. एक प्रत शंभर मुले वाचतात. ती प्रत विकत घेणे हे त्या मुलांच्या गरीब बापाचे काम नव्हे, ते समाजाचे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना, नसूहाने घेतलेला: अद्भुत हे वास्तवापासून पळ काढण्यास शिकविते. मला याच्या उलट वाटते. ज्या मुलाच्या वाट्याला आधीच दाटीची वस्ती, अपुरी शाळा आणि आपल्याकडे संशयाने पाहणारे जग आले आहे, त्याच्या हाती केवळ उपदेशाची आणि परीक्षेची पुस्तके देणे म्हणजे जे आहे तेवढेच असू शकते असे त्यास पढविणे होय. अमर अय्याराची कथा काय सांगते? सम्राटाची माया कितीही अफाट असो, तिला एक किल्ली असते, आणि ती किल्ली सापडणारा मनुष्य श्रीमंत वा बलाढ्य असतोच असे नाही. हॅरी पॉटरच्या कथेतही अनाथ, उपेक्षित मुलगाच सर्वांत भयंकर सत्तेसमोर उभा राहतो. कल्पनाशक्ती ही चैनीची वस्तू आहे हा समज सुखवस्तू माणसांचा आहे. गरिबाला तिच्यावाचून पाऊल पुढे टाकता येत नाही.

या आक्षेपांहून मोठे संकट निराळेच आहे, आणि त्याविषयी उर्दूचे चाहतेच बोलत नाहीत. स्वातंत्र्यानंतर उत्तरेत शाळेच्या भाषेचे धोरण असे काही ठरले की, उर्दू बोलणाऱ्या कित्येक घरांतील मुले उर्दूची लिपी वाचू शकेनाशी झाली. भाषा ओठांवर राहिली, डोळ्यांतून गेली. 2001 च्या जनगणनेत सुमारे 5 कोटी 15 लक्ष लोकांनी उर्दू ही आपली मातृभाषा सांगितली होती; 2011 मध्ये लोकसंख्या वाढूनही हा आकडा सुमारे 5 कोटी 8 लक्षांवर आला. याच काळात गझलेच्या मैफली गर्दीने भरत राहिल्या आणि शायरांचे संग्रह देवनागरीत छापून खपत राहिले. गझलेवरील हे प्रेम खरे आहे, मीही त्याचा वाटेकरी आहे. पण गझल ऐकून कोणास लिपी येत नाही. दोन ओळींचा शेर कोणत्याही लिपीत उतरवून घेता येतो, तीनशे पानांच्या कादंबरीस मात्र त्या लिपीत सराईतपणे वाचणारा वाचक लागतो. आणि म्हणूनच भाषेच्या रक्षणासाठी सभा भरवून ठराव करणाऱ्यांनी मुलांच्या एका कादंबरीचे भाषांतर पदरमोड करून काढले, तर त्या ठरावांहून तिचे काम अधिक होईल.

आता संग्राहकाकडे वळू. पुस्तके आणि चित्रे कशी नाहीशी होतात, याचे एक विदारक उदाहरण हमजाच्या कथेनेच दिलेले आहे. अकबराने कारकिर्दीच्या आरंभी हमजानाम्याची सुमारे 1,400 भव्य चित्रे कापडावर काढवून घेतली; त्यांतील दोनशेही आज उरलेली नाहीत, आणि 1881 मध्ये लंडनच्या संग्रहालयाच्या प्रतिनिधीस श्रीनगरात त्यांतली काही सापडली तेव्हा ती खिडक्या बंद करण्यासाठी लावलेली होती. बादशाही दौलतीची ही गत, तर बाजारी कागदावरील मुलांच्या पुस्तकांची काय कथा? उलट बाजूस शम्सुर्रहमान फारुकी यांचे उदाहरण घ्यावे. टपाल खात्यातील मोठ्या हुद्द्याची नोकरी सांभाळून या अलाहाबादच्या समीक्षकाने हमजाच्या दास्तानीचे 46 ही खंड एकेक करून मिळविले, ज्यांकडे विद्यापीठांनी पाठ फिरविली होती ते सारे वाचून काढले, आणि त्यांवर अनेक खंडांचा अभ्यासग्रंथ लिहिला. त्यांचे पुतणे महमूद फारुकी यांनी 2005 मध्ये रंगमंचावर दास्तानगोई पुन्हा सुरू केली, ती याच संग्रहाच्या आणि अभ्यासाच्या पायावर. खंड मिळविणे, ते वाचणे, त्यांचा अर्थ लावणे आणि शेवटी ते श्रोत्यांच्या स्वाधीन करणे, हा संग्राहकाच्या धर्माचा संपूर्ण क्रम आहे. पहिल्याच पायरीवर जो थांबतो तो पुस्तकाचा राखणदार ठरतो, वारसदार ठरत नाही.

एतदर्थ, उर्दू बालकादंबऱ्यांची भाषांतरे जमविणाऱ्यांनी प्रत्येक पुस्तकाचा तपशील लिहून ठेवावा: भाषांतरकार कोण, कातिब कोण, चित्रे कोणाची, कोणत्या छापखान्यातून कोणत्या साली निघाले, कथा संक्षिप्त केली काय. बालवाङ्मयाचा भाषांतरकार हा साहित्याच्या इतिहासात नेहमी निनावी राहिलेला आहे, आणि त्याचे नाव टिकविण्याचे साधन संग्राहकाच्या या नोंदींवाचून दुसरे नाही. 2013 मध्ये स्थापन झालेल्या 'रेख्ता' या संस्थेने सहस्रावधी उर्दू पुस्तकांच्या प्रतिमा सर्वांस खुल्या करून दिल्या आहेत. हक्कांची मुदत संपलेली बालपुस्तके अशा भांडारांत दाखल करणे हे प्रत्येक संग्राहकास सहज शक्य आहे.

मराठी वाचकास या साऱ्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्यास इतिहासाने दिलेले उत्तर असे की, अंजुमन तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या सर्वांत मोठ्या संस्थेची सूत्रे 1912 मध्ये मौलवी अब्दुल हक यांच्याकडे आल्यावर तिचे दप्तर पंचवीसएक वर्षे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, होते. 'उर्दू' हे तिचे विद्वन्मान्य त्रैमासिक 1921 मध्ये तेथूनच निघाले आणि वजहीची विस्मृत 'सबरस' मौलवीसाहेबांनी संपादून तेथूनच उजेडात आणली. त्याच दप्तराचा ग्रंथसंग्रह दिल्लीस गेल्यावर 1947 च्या दंगलीत उद्ध्वस्त झाला. सेतुमाधवराव पगडी आणि श्रीपाद जोशी यांच्यासारख्यांनी उर्दू व मराठी यांच्यामध्ये आयुष्यभर ये-जा केली, ती काही परक्या मुलुखातील मुशाफिरी नव्हती.

आणि वर्तमानाने दिलेले उत्तर याहून निकडीचे आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात 75 लक्षांवर उर्दूभाषक आहेत. उत्तर प्रदेश व बिहार यांच्यामागोमाग आपलाच क्रमांक लागतो. उत्तरेत उर्दू शाळांतून हद्दपार होत असता महाराष्ट्राने मालेगाव, भिवंडी, मुंबई, मराठवाडा आणि वऱ्हाड येथे उर्दू माध्यमाच्या शाळा चालू ठेवल्या आणि 'बालभारती'ने त्यांची पाठ्यपुस्तके नस्तालीकमध्ये छापली, ही गोष्ट या राज्यास भूषणावह आहे. म्हणजे ती लिपी पहिली लिपी म्हणून गिरविणारी मुले आज मोठ्या संख्येने आपल्या राज्यातच आहेत. ती मुले मराठीही शिकतात. कराचीत निघालेली भाषांतरे त्यांच्यापर्यंत पूर्वीही क्वचितच पोहोचत होती, आणि 2019 मध्ये दोन्ही देशांतील व्यापार थांबल्यापासून तो मार्गच बुजला आहे. त्यांना पाठ्यपुस्तक राज्याने दिले. पाठ्यपुस्तक मिटल्यावर उघडावयाचे पुस्तक अद्याप कोणी दिलेले नाही.

ते देण्याचे काम आपले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठी प्रकाशकांनी मुलांसाठी हक्क विकत घेताना मराठीबरोबर उर्दूचेही हक्क घ्यावेत आणि त्याच चित्रांवर दोन्ही आवृत्त्या काढाव्यात. जिल्हा व तालुका ग्रंथालयांनी उर्दू बालविभाग उघडून तेथे नव्या भाषांतरांबरोबर 'उल्टा दरख्त' आणि अमर अय्यारही ठेवावेत. ज्यांच्याकडे जुनी पुस्तके आहेत त्यांनी निदान त्यांची यादी त्या ग्रंथालयांस द्यावी. आणि ज्यांना दोन्ही भाषा येतात त्यांनी होशरुबाचा एखादा भाग मराठी मुलांसाठी थेट उर्दूवरून मराठीत आणावा, म्हणजे हे देणे एकतर्फी राहणार नाही. वाचकहो, आपल्या गावच्या वाचनालयात पुढच्या वेळी गेलात म्हणजे तेथे मुलांसाठी एकतरी उर्दू कादंबरी आहे काय एवढे विचारा, आणि नसल्यास ती मागविण्याचा अर्ज आपल्या सहीने देऊन या.